आई गेली त्या रात्रीची पाळी

पगार-कारकुनाला सगळी लाँड्री 'कात्री' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि वाईट वाटायच्या ऐवजी त्याची मान ताठ व्हायची. इस्पितळांच्या चादरी धुणारी ती लाँड्री, यंत्रं रात्रंदिवस चालू. रात्रपाळीचा भत्ता आणि रविवारचा दुप्पट दर त्याच्या खिडकीतूनच बाहेर पडायचा, आणि पडताना थोडा तरी कापला गेला नाही तर गड्याला जेवण गोड लागत नसे.

वर्ष संपत आलं होतं. रविवारच्या पाळ्या तपासून प्रत्येकाची सही घ्यायची होती. दुपारी खिडकीसमोर रांग लागली आणि सगळ्यात पुढे इस्त्रीवाली मावशी पदर खोचून उभी होती.

"शनिवारी रात्री आले, रविवारी सकाळी सुटले. अर्धी रात्र रविवारात गेली की माझी! दुप्पट कुठाय?"

"मावशी, रात्र ज्या वारी सुरू होते त्या वाराची. बारा वाजता वार बदलतो तो भिंतीवरच्या कॅलेंडरात, पाळीत नाही. सकाळी घरी जाईपर्यंत तुमचा शनिवारच."

"उजाडलं तरी?"

"उजाडलं तरी! किती वर्षं कोकलतोय मी, तुम्हा लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ."

"उष्ट्या हातानं कावळा हाकायचा नाही मेला," मावशी पुटपुटली आणि सही करून बाजूला झाली.

तिच्या मागे बॉयलरवाला होता. कात्रीचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत वर्षभर बोलणं नव्हतं.

आई गेली सोमवारी पहाटे. अचानकच बिघडलं तिचं. कात्री रात्रभर भावाला फोन लावत होता. फोन वाजायचा, उचलायचं कोणी नाही. आई दाराकडे डोळे लावून विचारत होती, "आला का रे धाकटा?" सकाळी धाकटा आला तेव्हा सगळं संपलं होतं. कामावर होतो, म्हणाला. कात्री पुन्हा खिडकीत बसायला लागला त्या पहिल्याच दिवशी त्यानं हजेरी उघडली. सोमवार, रात्रपाळी, सुट्टी. झालं! घरी मामा, आत्या, सगळा गोतावळा बसलेला असताना त्यानं तोंड सोडलं. "आई जीव सोडत होती आणि हा कुठं उलथला होता ते यालाच माहीत. कामावर नव्हता, मी डोळ्यांनी बघितलंय." धाकट्यानं दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. कात्रीच्या बायकोनं त्याच संध्याकाळी धाकट्याच्या कपड्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली.

आता कात्रीनं मान वर न करता कागद सरकवला. "सही कर आणि सूट."

"आधी तपास." धाकट्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "ही रात्र बघ. दुप्पट लागलीये."

"मग? कमी पडली का?"

"जास्त पडली. मी त्या रात्री कामावर नव्हतो. तूच म्हणालास, चारचौघांत. मग फुकटचे कशाला देतोस? काप."

कात्रीनं तारीख वाचली. "ही रविवारची आहे. आई तर सोमवारी पहा..."

त्यानं तारीख पुन्हा वाचली. आताच, याच तोंडानं, त्यानं मावशीला काय सुनावलं होतं? सोमवारची पहाट रविवारच्या पाळीत. सगळ्या लाँड्रीला अक्कल शिकवणाऱ्या या शहाण्यानं आपल्या आईची रात्र भिंतीवरच्या वारानं शोधली होती. सोमवारची सुट्टी त्यानं पाहिली होती, ती खरीच होती. आईला पोचवून आल्यावर धाकट्यानं घेतलेली. त्या सोमवारच्या रात्री दोघे भाऊ घरी एकाच भिंतीला टेकून बसले होते.

"वर्षभर डोकं फोडलं मी, याला माझी सुट्टी दिसली कुठं म्हणून," धाकटा म्हणाला. "आत्ता मावशीला सांगितलंस तेव्हा कळलं. काप ना! कात्री ना तू?"

रांगेतल्या माना खिडकीकडे वळल्या. मावशीही जायची थांबली.

"बरोबर आहे," कात्री म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"होतास तू कामावर."

"मोठ्यानं. मला बोललास तेव्हा घसा चांगला मोकळा होता."

"कामावर होतास!" कात्री ओरडला. मग आवाज उतरला. "संध्याकाळी घरी ये. तुझी वहिनी..."

"तिला सांग, पिशवी नीट पोचली." धाकट्यानं सही केली, पेन आपटलं आणि तो पाळीवर गेला.

कात्री खिडकी उघडी टाकून उठला. अंगण ओलांडून बॉयलरकडे तो नोकरीत पहिल्यांदाच चालला होता. बॉयलरखोलीच्या दाराशी भिंतीवर पत्र्याची पेटी होती. आत जाताना फोन तिच्यात टाकायचा आणि बॉयलर सोडून हलायचं नाही, असा नियम होता. भत्त्याच्या नियमांपलीकडचा एकही नियम कात्रीनं कधी वाचला नव्हता.

त्यानं खिशातून फोन काढला आणि भावाला लावला. पेटी वाजायला लागली. दाराच्या काचेतून धाकट्याची पाठ दिसत होती, वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर. आत इतकी धडधड होती की दारही थरथरत होतं. पेटी वाजून थांबली. त्यानं पुन्हा लावला. त्या रात्री त्यानं असाच लावला होता, आणि आई विचारत होती.

काटा पाहून धाकटा वळला. काचेपलीकडे भाऊ उभा, कानाला फोन, डोळे भरलेले. धाकट्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे.

मग तो पुन्हा काट्याकडे तोंड करून उभा राहिला.