हळदीकुंकवाच्या दिवशी फुटलेला घाम

कॅन्सरची बातमी देवदत्त सोहोनींनी शांतपणे ऐकून घेतली. पण ती गावभर होईल या विचाराने मात्र त्यांना धडकी भरली. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात त्यांची पंचेचाळीस वर्षं गेलेली, अर्धं महाराष्ट्र मंडळ त्यांना काका म्हणणारं. त्यातून आजार प्रोस्टेटचा! दवाखान्यातून घरी येताना त्यांनी गाडीतच बायकोला बजावलं, "शैलजा, मुलीला सोडून कोणालाही सांगायचं नाही."

गाठ प्रोस्टेटच्या बाहेर, दोन हाडांपर्यंत पोचली होती. नुसत्या ऑपरेशनने भागणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं : हा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर पोसतो. इंजेक्शनमुळे ते हॉर्मोन तयार होणं जवळजवळ थांबतं आणि जे उरतं, ते कॅन्सरच्या पेशींना मिळू नये म्हणून रोज अँटी-अँड्रोजनची गोळी.

देवदत्तांची हयात पाणीपुरवठ्याच्या कामात गेली होती. ते म्हणाले, "म्हणजे इंजेक्शन धरणातच पाणी अडवणार आणि गोळी नळाला बूच मारणार."

"अगदी बरोबर," बाई हसल्या. "पण बूच आधी. इंजेक्शन घेतल्यावर पहिले काही दिवस हॉर्मोन उलट वाढतं, म्हणून गोळ्या आठवडाभर आधी सुरू करायच्या. थकवा येईल, अंगातून वाफा निघतील, रडू येईल. रोज चाला, वजनं उचला."

वाफा निघतील म्हणजे काय, ते महिन्याभरात कळलं. जेवताजेवता छातीतून जाळ उठायचा, कानशिलं तापायची आणि शर्ट चिंब व्हायचा. पाच मिनिटांत सगळं ओसरलं की मग हुडहुडी.

तशात फेब्रुवारी उजाडला आणि शैलजाने घरी हळदीकुंकू ठेवलं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत वीस-बावीस बायका, साड्यांची सळसळ आणि नुसता कलकलाट. देवदत्तांकडे कॉफीचं खातं होतं. ते ट्रे घेऊन हॉलमध्ये आले आणि नेमका जाळ उठला. ट्रे कसाबसा टेबलावर टेकवून त्यांनी घरामागच्या उघड्या लाकडी डेकचं दार सरकवलं, स्वेटर काढून फेकला, शर्टही फेकला आणि बनियनवर बर्फात जाऊन उभे राहिले.

मग सुनेत्रा दाराशी आली. ती तीस वर्षं नर्स होती आणि देवदत्तांच्या जुन्या मित्राची, रवींद्रची, बायको.

"देवदत्त, हे तर आमचं दुखणं! तुम्हाला कुठून लागलं?"

देवदत्तांनी शैलजाकडे पाहिलं. तिने मान हलवली : मी काही बोलले नाहीये. आता लपवून करायचं तरी काय? सगळ्या बायका बघत होत्या, आणि अंगावर होतं एक बनियन.

"मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे," ते मोठ्याने म्हणाले. "त्याची औषधं चालू आहेत. हा त्यांचाच प्रताप."

मग मागून शिवांगी, मंडळाची तरुण सेक्रेटरी, म्हणाली, "काका, आधी आत या! न्यूमोनिया कशाला हवाय वरून?" आणि सगळ्यांना हसू फुटलं. देवदत्तांनाही.

मग काय विचारता! त्यांना मधोमध बसवून सल्ल्यांचा पाऊस पडला. गरम कॉफी बंद. तिखट कमी. एकावर एक पातळ कपडे घाला. मानेवर ओला रुमाल ठेवा. सुनेत्राने पर्समधला छोटा पंखा काढून त्यांच्या हातात दिला.

"शैलजाला तर पाळी गेल्यावर सात वर्षं होतं हे," ती म्हणाली.

"सात?" देवदत्त चमकले.

"मी खिडकी उघडायचे आणि तुम्ही मागोमाग येऊन लावायचात," शैलजा हसत म्हणाली. "म्हणायचात, बाहेर थंडी किती आहे, काय चाललंय तुझं!"

देवदत्तांचे डोळे भरून आले. औषधाने की कशाने, कोण जाणे. "चुकलं माझं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मला काही कळलंच नव्हतं गं." शैलजाने त्यांच्या कपाळाचा घाम पदराने टिपला.

बातमी त्याच दिवशी घरोघरी पोचली. तिसऱ्या दिवशी रवींद्रचा फोन. आधी हवामान झालं, क्रिकेट झालं, मग हळूच, "यार, ती पीएसए टेस्ट म्हणजे काय असतं? सुनेत्रा डोकं खातेय."

"प्रोस्टेटसाठी रक्ताची तपासणी. एक छोटी कुपी रक्त, बस! डॉक्टरांशी बोल, मी येतो बरोबर."

त्या आठवड्यात आणखी दोघांनी विचारलं. होता होता पाच म्हातारे दर मंगळवारी जिममध्ये वजनं उचलू लागले. रवींद्रची टेस्ट साफ निघाली, तरी तो यायचा थांबला नाही.

एप्रिलमध्ये देवदत्तांचा रिपोर्ट आला. अठ्ठेचाळीसवरचा पीएसए एकाच्याही खाली उतरला होता.

"बरे झालात असं म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं चालूच राहतील. पण कॅन्सर गप्प बसलाय, आणि तो तसाच पुष्कळ दिवस बसावा अशी आशा आहे."

पार्किंगमध्ये आल्यावर देवदत्तांनी शैलजाचा हात धरला. चाळीस वर्षांत त्यांनी चारचौघांत तिचा हात धरला नव्हता.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत," देवदत्त म्हणाले. "चल, केप कॉडला जाऊ. समुद्र बघून येऊ."

"आत्ता? कणीक मळून ठेवलीय घरी!"

"राहू दे ती कणीक," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं.