म्हैसमाळचा समुद्र

सत्यम विलायतेला शिकायला गेला तेव्हा त्याच्या वडिलांनी, सुदर्शनरावांनी, संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या चौकात फ्लेक्स लावला होता, तो अजूनही तिथंच होता. त्यावर सत्यमपेक्षा मोठा फोटो भावी नगरसेवकाचा होता आणि खाली मजकूर, ‘उच्च शिक्षणासाठी लंडनला रवाना’. पोरगं खरं तर लीड्सला चाललं होतं. पण ‘लीड्स कुणाच्या बापाला माहीत आहे?’ असं म्हणून सुदर्शनरावांनी परस्पर लंडन करून टाकलं. असा फ्लेक्स लावणाऱ्या माणसाला मग कायमची एक धास्ती राहते. पोरगं फ्लेक्सच्या मापाचं निघालं नाही तर?

त्या पोराचा ऑगस्टअखेरीस गुरुवारी फोन आला. सोमवारची सुट्टी जोडून आली होती आणि तो मित्रांसोबत आयर्लंडला चालला होता. व्हिसाबिसा सगळं आधीच काढून ठेवलेलं होतं. सुदर्शनराव शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. शुक्रवारच्या चहापर्यंत अख्ख्या शिफ्टला आयर्लंड पाठ झालं होतं.

शनिवारी दुपारी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. हिरवागार डोंगर, दाट धुकं, मागं एक उंच टॉवर आणि टोप्या ओढून उभी चार पोरं. खाली सत्यमनं लिहिलं होतं, ‘पप्पा, ओळखा बरं!’

पप्पांच्या आधी कडुबानं ओळखलं. कडुबा म्हणजे सुदर्शनरावांचा थोरला चुलतभाऊ. त्याची शेती कन्नडला, पण लक्ष सगळ्या भावकीवर. त्यानं एकच शब्द लिहिला, ‘म्हैसमाळ’.

खुलताबादच्या वरचं, टीव्हीच्या टॉवरचं म्हैसमाळ, जिथं पावसाळ्यात सगळं संभाजीनगर भजी आणि कणसं खायला लोटतं. झालं, भावकीनं त्यावर शिक्केच मारले. पुतणी विशाखानं तर टॉवरभोवती लाल गोल काढून पाठवला, ‘टॉवर सेम आहे काका!’

सुदर्शनराव आधी हसले. मग चष्मा पुसून त्यांनी फोटो मोठा केला आणि हसू आटलं. फोटोत गोरा माणूस औषधालाही नव्हता. चारही पोरं आपलीच, एकाच्या हातात चक्क स्टीलचा डबा. त्यांनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. थोड्या वेळानं मेसेज आला, ‘पप्पा, इथं रेंज नाही. उद्या करतो.’

रेंज नाही! म्हैसमाळला गेलेला प्रत्येक जण घरी हेच सांगतो.

तेवढ्यात कडुबाचा फोन आला. “सुदर्शन, घाबरू नको, पण आमच्या इथल्या एकाचं पोरगं वरीसभर ऑस्ट्रेलियाला व्हतं. रोज घरी फोन करायचं. घावलं कुठं? हिंजवडीला, मेसमधी वरण-भात खाताना!”

“पण दादा, नंबर विलायतेचा आहे त्याचा.”

“नंबरचं काय घेऊन बसला! नंबर तिथला, माणूस इथला. आता लई सोपं झालंय समदं.”

सुदर्शनरावांनी हे बायकोला सांगितलं. मंजुषाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “माझं लेकरू खोटं बोलत नाय,” त्या म्हणाल्या. “आन बोललंच आसंल तर तुमच्या भेवानं.”

यातला दुसरा भाग सुदर्शनरावांना झोंबला, कारण तो खरा होता. बारावीच्या सराव परीक्षेत गणितात उडाला तेव्हा हाच सत्यम करमाडला मित्राच्या शेतात जाऊन लपला होता. बाप ओरडायला लागला की गल्लीतली कुत्री गप्प बसतात, असं तो आईला म्हणाला होता. आता तिकडं नापास होऊन परत आला असेल आणि तासाभराच्या अंतरावर असून घरी यायला भीत असेल, तर? फ्लेक्सचं काय होईल हा विचार आधी आला, पोराचं काय होत असेल हा मागून. पण मागून आलेला पाहुणा मुक्कामालाच राहिला. त्या रात्री सुदर्शनरावांचा डोळा लागला नाही.

रविवारी दुपारी “करमाडला प्लॉट बघून येतो” म्हणून त्यांनी गाडी काढली. मंजुषाबाईंनी मुकाट्यानं रेनकोट आणून दिला. करमाडकडं आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

खुलताबादच्या फाट्यावर, फोनवर ठरल्याप्रमाणे, कडुबा छत्री घेऊन उभाच होता. तो मागं बसला आणि दोघं भाऊ घाट चढून वर आले. वर ही गर्दी! धुक्यात टोपी ओढलेलं प्रत्येक पोरगं सत्यमच दिसत होतं. सुदर्शनरावांनी एका पाठमोऱ्याची टोपी खसकन ओढली आणि ओरडले, “हे आयर्लंड आहे का रे?”

पोरगं वळलं. ते जालन्याचं निघालं. “नाय काका, म्हैसमाळ हाय,” ते अदबीनं म्हणालं. काकांना चकवा लागला असावा असं समजून त्यानं त्यांना हातगाडीवरचं एक भाजलेलं कणीसही घेऊन दिलं.

कणीस हातात धरून सुदर्शनराव गिरिजामातेच्या देवळासमोर उभे राहिले. “आई, पोरगं सापडू देऊ नको,” ते पुटपुटले. शोधायला आलेल्या माणसाचं असलं मागणं देवीनं पहिल्यांदाच ऐकलं असेल. दोन पावलं जाऊन ते परत वळले. “आणि इथं असलंच, तर सापडू दे. उपाशी नको राहायला.”

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. सत्यमचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर हिरवा डोंगर आणि धुकं, स्क्रीनच्या बाहेरही हिरवा डोंगर आणि धुकं.

“घावला!” कडुबा ओरडला. “त्या टॉवरखालीच आसंल!” आणि छत्री मिटून तो टॉवरच्या दिशेनं पळतच सुटला.

“पप्पा?” सत्यम डोळे बारीक करून बघत होता. “तुम्ही आयर्लंडला कधी आलात?”

“माझं राहू दे! तू कुठं आहेस ते सांग. खरं सांग, मी काही बोलणार नाही!” हे सुदर्शनराव इतक्या मोठ्यानं बोलले की आजूबाजूची माणसं भजी खायची थांबली.

तिकडं वारा सुटला असावा. सत्यमच्या मागचं धुकं हळूहळू फाटलं आणि डोंगराखाली समुद्र दिसायला लागला. नजर जाईल तिथवर करडा समुद्र. धापा टाकत परत आलेल्या कडुबानं फोनमध्ये डोकं घातलं.

“आयला,” तो म्हणाला, “म्हैसमाळला समुद्र कवा आला?”

सुदर्शनराव ओल्या दगडावर मटकन बसले. बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पाऊस पडत होता हे एक नशीब.

“मित्रांना डब्लिन बघायचं होतं,” सत्यम सांगत होता. “मीच हट्टानं इकडं आणलं. तुम्ही मला स्कूटरवर पुढं उभं करून म्हैसमाळला न्यायचे ना, अगदी तसंच वाटलं इथं. म्हटलं, पप्पा ओळखतात का बघू.”

“ओळखलं ना,” सुदर्शनराव म्हणाले. “लगेच ओळखलं.”

“पण तुम्ही तिथं काय करताय?” सत्यमनं फोन डोळ्यांजवळ नेला. बापाचा भिजलेला चेहरा, बाजूला भिजलेले काका. त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. “मला शोधायला आलात?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “हे बघ सत्यम,” सुदर्शनराव म्हणाले, “पास हो, नापास हो, सरळ घरी यायचं. डोंगरावर भिजत बसायचं नाही. फ्लेक्स मी काढून टाकीन.”

पलीकडं सत्यमनं टोपी काढून हातात घेतली.

“पप्पा,” मग सत्यम अगदी हळू म्हणाला, “एक विषय राहिलाय. पुन्हा द्यावा लागणार आहे. महिना झाला, सांगायचं सांगायचं म्हणत होतो.”

कडुबा चटकन बाजूला सरकला. भावाला तो लहानपणापासून ओळखत होता. सुदर्शनरावांच्या मानेची शीर फुगली, छाती भरली, तोंड उघडलं. मग त्यांनी हातातलं कणीस उभं तोंडात कोंबलं आणि कचकचून चावा घेतला.

“पप्पा? रागावलात का?”

“नाही,” भरल्या तोंडानं सुदर्शनराव म्हणाले. “कणीस खातोय.”