वास डोंगराचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी भाड्याची गाडी आहे. समुद्रातल्या एका ज्वालामुखीच्या बेटावर, विमानतळाजवळच्या आवारात, अगदी मागच्या कोपऱ्यात मी उभी असते. एके काळी मी पांढरीशुभ्र होते, यावर आता तुमचा विश्वास बसणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटले होते, आपल्याला एक घर मिळेल. नशिबी आली ती रोज नवी माणसे. कुणी लाडाने पुसले, कुणी सीटवर वाळू आणि फळांच्या साली टाकून गेले. तरी मी कधी कुरकुर केली नाही. काळ्या खडकांतून, राखेच्या माळावरून मी सगळ्यांना थेट डोंगराच्या तोंडापर्यंत नेऊन आणत असे. लहान असली तरी दमाची आहे, असे लोक म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

एकदा एक जोडपे आले. सोबत बायकोची आई होती. जावई भारी काटेकोर. उद्या आपल्या गळ्यात पडू नये म्हणून माझ्या अंगावरचा एकेक ओरखडा तो मोबाइलमध्ये टिपत होता. चावी देणाऱ्या बाई त्याच वेळी सांगत होत्या की उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, सारखा ब्रेक दाबून धरू नका. तो हो हो म्हणाला. त्याचे सगळे लक्ष माझ्या दारावरच्या पोच्याकडे होते.

चढण मजेत गेली. वर जमिनीतून वाफा येत होत्या, गंधकाचा वास होता. सासूबाईंनी नाकाला रुमाल लावला, पण परत निघायला त्याच तयार होईनात.

उतार लागला आणि जावयाने मला न्यूट्रलमध्ये टाकले. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचे, ही त्याची घरची सवय. मग माझा सगळा भार ब्रेकवर आला. वळणामागून वळणे गेली, पण त्याचा पाय काही उठेना. माझी चाके आतून तापली, जळका वास सुटला. मी कण्हले, थरथरले. मित्रांनो, याहून जास्त मी काय करणार? हॉर्न माझाच, पण तो दाबायला मला हात नाहीत.

वास आला तसा जावई म्हणाला, ज्वालामुखीचा आहे, काचा वर घ्या.

"जावईबापू, वर तोंडाशी एवढा वास नव्हता," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मग खाली येताना वाढतोय कसा?"

"आई, ज्वालामुखी आहे तो. अत्तराचा वास येणार का?" मुलगी हसली.

जावईही हसला. सासूबाईंनी पुन्हा रुमाल नाकाला लावला. मी कासावीस झाले.

पुढच्या वळणावर पेडल थेट तळाला टेकले.

"ब्रेक लागत नाहीये," तो एवढेच म्हणाला.

एका बाजूला खडक, दुसरीकडे खोल कडा. इतक्या लोकांना सुखरूप आणणारी मी, मला माझीच चाके आवरेनात. हँडब्रेक ओढला, तोही पुरेना. शेवटी त्याने मला खडकावर घातले. माझे नाक चेपले आणि मी थांबले. नवराबायकोचे खरचटण्यावर निभावले. सासूबाईंचा हात मोडला. त्यांना रुग्णवाहिकेत चढवताना मुलगी रडत होती.

"आई, तू सांगत होतीस गं," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड नव्हते. सासूबाईंना होते, पण जावयाला पुन्हा कसे टोकायचे म्हणून त्या थांबल्या. तुम्ही एवढे करा. गाडीला वास आला, आवाज आला, तर आधी थांबा, खाली उतरा, चाकाशी वाकून बघा. आणि मागच्या सीटवरून कुणी हळू आवाजात काही विचारले, तर हसू नका.

माझा एकेक अवयव काढून दुसऱ्या गाड्यांना लावून झाला आहे. बॅटरीही गेली. आत्ताच एक कुटुंब हसतखिदळत डोंगराकडे निघाले. साधा दिवा लुकलुकवून त्यांना थांबवावे म्हटले, तर तेवढेही मला जमले नाही.