ओल्या नळ्या

त्रिंबकराव प्रयोगशाळेच्या दारातच थांबले. नाकावर उपरणं, हातात रिकामी बॅग. शिवकन्येचं हॉस्टेलमधलं सामान भरून तिला मंठ्याला परत न्यायला आले होते.

"मॅडम, पोरगी इथं अस्बेस्टॉस बनवून राह्यली म्हनं. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले.

शिवकन्या माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. ती शेजारच्या खुर्चीतून चमकून माझ्याकडे बघायला लागली; मी गुळमुळीत बोलेन असं तिला वाटलं असावं.

"माझा भाऊ सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला गेल्ता. दम लागून मेला. अन् तेच पोरीच्या हाती देता?"

"आबा, काकाच्या छातीत गेलं ते खाणीतलं," शिवकन्या म्हणाली. "त्यात लोखंड, लांब-आखूड तंतू, सगळं मिसळलेलं. नेमकं कशानं घात केला, कसं कळायचं? मी शुद्ध बनवते. मंग एकेक गोष्ट बदलून बघते."

तिने पडद्यावर फोटो दाखवला. केसाहून हजारो पट बारीक नळी. "ह्या दगडाच्या पातळ थराच्या दोन बाजू मापानं जुळत न्हाईत, म्हणून तो गुंडाळतो. उन्हातल्या पापडावानी."

"पापड खाता तरी येतो."

मला हसू आलं. त्यांना नाही.

"भुकटी कुठं ठेवता?"

"भुकटी करतच न्हाई. पाण्यातच ठेवतो. तपासायला थेंब काचेवर वाळवला, की तिथंच चिकटतो. धूळ उडू नये म्हणून कातरायच्या आधी मेंढरं धुता ना तुम्ही? तसंच."

"ती लोकर. हा दगड."



"धोका शून्य नाही, त्रिंबकराव," मी म्हणाले. "कमी केलाय. ती बंद काचपेटीत काम करते. कमी झाला नसता तर मीच तिला थांबवलं असतं."

ते खुंटीवरच्या पांढऱ्या कोटाकडे बघत होते. "हा घरी आनती का?"

"न्हाई. इथंच ओला करून पिशवीत बांधतो. का?"

"भाऊ कामावरून आला की तुझी काकू त्याचा सदरा अंगणात झटकायची. सगळा धुराळा. आता तिलाबी दम लागतो."

शिवकन्या खुर्चीतून उठली. "काकूला? तो तर चुलीच्या धुरानं म्हणाले ना डॉक्टर?"

"सदऱ्याचं त्यांना कोनी सांगितलं? आम्हाला तरी काय ठावं?"

"मी सांगते. जल्दी न्यायला पाहिजे तिला. छातीचा फोटो काढायला सांगते, सदऱ्याचं बराबर लिहून घ्यायला लावते."

त्रिंबकरावांनी उपरणं नाकावरून खाली घेतलं. 

"उद्याच्या बसनं आनतो तिला. तू दवाखान्यात सोबत चल."

"चलते. अन् मंग, आबा?"

"मंग काय? इथं माघारी ये. काम अर्धं टाकतेत का?"