पुसलेला धागा

धागा पुसायला मला चार मिनिटं लागली. मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडत होते, तेव्हा ‘प्रेस४०’ नावाच्या सदस्याचा निरोप आला. ‘माझा प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं, अख्खा धागाच काढून टाका.’ मी मोबाइलवरूनच काढली आणि ‘झालं’ म्हणून कळवलं.

कारण विचारलं नाही. ‘खुली चावी’ या आमच्या ऑनलाइन समूहावर तसा नियमच होता. भोसरी, चिंचवड, चाकणच्या लहान कारखान्यांतली माणसं जुन्या यंत्रांवर फुकटचं, कुणालाही उघडून बदलता येईल असं सॉफ्टवेअर बसवतात आणि अडलं की आमच्या समूहावर विचारतात. सदस्य एकोणीसशे, आणि बहुतेकांनी टोपणनावं घेतलेली. समूहाच्या दुसऱ्या वर्षी एकाच्या साहेबानं त्याचा प्रश्न वाचला आणि त्याची नोकरी गेली. तेव्हा माझ्याबरोबर समूह सांभाळणाऱ्या प्रज्वलनं नियम केला: ज्याचा प्रश्न, त्यानं पुसायला सांगितलं की पुसायचं, का ते विचारायचं नाही. मला तो नियम आवडला होता. त्यात अपवाद नव्हता.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला अनिता रहाटणीच्या माझ्या फ्लॅटवर आली. समूहाच्या पानावर तळाशी माझा नंबर आहे, त्यावर तिनं सकाळी फोन केला होता. चाकणजवळच्या गावातून दोन बस बदलून आलेली. पाणी दिलं तर पेला हातातच धरून बसली. तिचा नवरा गणराज पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. सोमवारी दुपारी प्रेस खाली आली तेव्हा त्याचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली.

“कंपनीचं पत्र आलंय काल,” ती म्हणाली. “ह्यांनीच मशिनीत फेरफार केला म्हनत्यात. आता केस बी ह्यांच्यावरच करनार. ताई, मोबाइलचा आवाज कमी करायचा आसला तरी पोरीला हाक मारनारा मानूस हाय तो.”

“मग फेरफार कुणी केला?”

“सुपरवायझरनं. मोबाइलात बघून बघून टाइप करत व्हता. ह्यांनी इचारलं, साहेब, चालंल ना हे? तर त्यानं मोबाइल म्होरं धरला. म्हनला, बघ, हिरवं हाय, तपासलेलं हाय. वर तुमच्या ग्रुपचं नाव व्हतं. ते पान द्या मला.”

मला मंगळवारी पुसलेला धागा आठवला. प्रेसच्या तोंडाशी अदृश्य किरणांचा पडदा असतो. हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस थांबते. ‘प्रेस४०’ची प्रेस तेल-धुळीमुळे उगाचच थांबत होती. चाचणीपुरता तो सिग्नल कसा दुर्लक्षित करायचा, असं त्यानं विचारलं होतं. प्रज्वलनं प्रोग्रामच्या तीन ओळी लिहून दिल्या. आमच्याकडे कुठलीही ओळ दुसऱ्या कुणीतरी चालवून बघितल्याशिवाय तिला ‘तपासलं’ची हिरवी खूण मिळत नाही. ती खूण मी दिली होती. आम्ही बसलो होतो त्याच टेबलावर, एक छोटा सर्किट बोर्ड आणि प्रेसच्या जागी एक लाल दिवा लावून. किरण तोडला तरी दिवा विझला नाही, म्हणजे ओळी बरोबर होत्या.

“ते पान मी पुसलं,” मी म्हणाले.

“का?”

“ज्यानं टाकलं होतं त्यानं सांगितलं म्हणून.”

“आन् तुमी इचारलं न्हाई, का म्हून?”

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं ती विचारत होती.

टीव्हीखाली आमचा सर्व्हर आहे, एक जुना कॉम्प्युटर. तो रोज रात्री नऊला सगळ्या समूहाची एक प्रत काढतो. प्रती पाचच राहतात. सहावी आली की सगळ्यात जुनी जाते. सोमवारच्या प्रतीत धागा असणार होता. आज नऊला ती जाणार होती. अनिताला बसायला सांगून मी गॅलरीत गेले आणि प्रज्वलला फोन लावला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“किती वाजलेत?” मग त्यानं विचारलं.

“सहाला दहा कमी.”

“मग काही करूच नको ना. नऊ वाजतील. आपण काही लपवलं नाही, काही दिलं नाही.”

“प्रज्वल, त्या माणसावर केस होतेय.”

“आणि एकोणीसशे लोकांनी आपल्यावर विश्वास टाकलाय, त्यांचं काय? एकदा पुसलेलं परत काढलंस की संपलं. आणि तू फार न्यायाधीश होऊ नको हां. ओळी माझ्या आहेत, पण हिरवं कुणी केलं? राणीसाहेबांनी.”

“माहीत आहे.”

“मी त्यात स्पष्ट लिहिलं होतं, चाचणी झाली की काढा. तेवढं आठवतंय मला.”

“मग पान बाहेर आलं तर तुझं भलंच होईल.”

“मी ‘खुली चावी’ चालवतो हे माझ्या कंपनीला माहीत नाही, साधना,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी आत येऊन नऊची प्रत थांबवली आणि सोमवारची उघडली. धागा होता. वेळा होत्या, नावं होती. प्रज्वलची ताकीद त्याच्या ओळींखाली होती. तिच्याखाली आणखी दोन नोंदी होत्या. त्या मी विसरले होते.

‘प्रेस४०’नं विचारलं होतं: ओळी काढल्या नाहीत, प्रॉडक्शनला तशाच ठेवल्या, तर मशीन मध्येच थांबणार नाही ना?

खाली उत्तर होतं: नाही, थांबणार नाही.

उत्तर माझं होतं. अठ्ठावीस फेब्रुवारी, सकाळी नऊ बावीस. त्यानं जेवढं विचारलं तेवढ्याचं अचूक उत्तर. तो हे का विचारतोय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी तीन पानं छापून आणली. अनितानं ती सावकाश वाचली, ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“हे कुनी लिवलंय?”

“मी.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून पेन काढून पुढे केलं. “वकील म्हनला, ज्यांच्याकडून आनशील त्यांची सही पायजे. तिन्ही पानांवर.”

मी सह्या केल्या. तिनं पानं दुमडली नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवली आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरली. पाणी तसंच राहिलं होतं.

रविवारी सकाळी मी समूहावर लिहिलं की पुसलेला एक धागा मी प्रतीतून काढून दिला आहे, आणि का दिला आहे. प्रज्वल दहा मिनिटांत बाहेर पडला. दुपारपर्यंत दोनशे तीस जण गेले. एकानं लिहिलं, ‘ताई, तुमच्या भरवशावर लिहिलं होतं.’ पुसायच्या विनंत्या येत राहिल्या, संध्याकाळपर्यंत एकसष्ट.

मी एकेक घेत गेले. आता पुसण्याआधी वाचत होते. बरेचसे साधे होते: छपाई नीट येत नाही, मोटार उलटी फिरते. ते पुसले.

एकोणिसावा धागा ग्राइंडिंग मशीनचा होता. सुरक्षेचं दार उघडं असतानाही चाक फिरत ठेवायचं होतं. उत्तर दिलेलं होतं. हिरवी खूण होती, माझी.

मी पुसलं नाही. त्या सदस्याला निरोप लिहिला: हे मशीन कुठं आहे, आणि आज त्यावर कोण उभं आहे?

निरोप वाचल्याची खूण आली. पाच मिनिटांनी तोही समूहातून गेला.