जसा आणला तसाच खेळलो

मित्रांनो, माझे नाव दगडोबा. मी बुद्धिबळ खेळणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. शिरूरच्या एका कॉलेजातल्या, पंख्यापेक्षा जास्त घरघरणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम असतो. निमोण्याच्या समृद्धीने मला लिहिले. पहिल्यांदा चालू केले तेव्हा मी एकही खेळी न करता ढिम्म बसून राहिलो, म्हणून तिने हे नाव ठेवले. पुढे मी बरा खेळू लागलो, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

तिने माझ्यासाठी फार कष्ट घेतले. एसटीत उभ्या उभ्या ती माझे डाव मनात जुळवायची. हत्ती सरळ, उंट तिरका, हे मला लवकर आले. कोणते मोहरे कधी सोडावे, ही अक्कल यायला बरेच दिवस लागले.

मग कॉलेजात प्रोग्रॅमांची स्पर्धा भरली. मुलांनी नुसते बघायचे, खेळायचे आम्ही. सकाळीच वाद निघाला. फेऱ्या सुरू झाल्यावर प्रोग्रॅममध्ये बदल करू द्यावा का?

दौंडहून आलेला सुदर्शन म्हणाला, "करू द्या की. चूक दिसली तर सुधारायची न्हाई व्हय?"

समृद्धी ताडकन उठली. "मग खेळतंय कोण, प्रोग्रॅम का माणूस? जसा आणला तसाच खेळंल. मधे हात लावायचा न्हाई."

स्पर्धा घेणाऱ्या सतीश सरांना ते पटले आणि तोच नियम ठरला. मला तर माझ्या मालकिणीचा अभिमान वाटला.

पहिल्याच फेरीत माझ्यासमोर वरवंडच्या मोनालीचा प्रोग्रॅम आला. बिचाऱ्याला घड्याळाकडे बघायला शिकवायचे राहून गेले होते. चांगला डाव हाती असताना तो विचारच करत बसला आणि वेळ संपून हरला. मोनालीच्या डोळ्यांत पाणी आले.

"दोनच ओळी टाकते, सर. पुढच्या फेऱ्या तरी नीट खेळंल."

सर काही बोलायच्या आत समृद्धी म्हणाली, "नियम म्हंजी नियम." मोनालीचा प्रोग्रॅम पुढेही तसाच हरत गेला.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, म्हणतात ते खोटे नाही. तिसऱ्या फेरीत मी जिंकत आलो होतो आणि हत्ती पुढे-मागे, पुढे-मागे करत बसलो. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सुटतो, हे मला कोणी शिकवलेच नव्हते. हातातला डाव गेला. आता शेवटच्या फेरीत सुदर्शनच्या 'मल्हार'ला हरवले तरच पहिला नंबर माझा. बरोबरी झाली तर त्याचा.

जेवणाच्या सुट्टीत सुदर्शन डबा अर्धा टाकून आला. "समृद्धी, करून टाक दुरुस्ती. माझी हरकत न्हाई. असं जिंकण्यात मला तरी काय मजा?"

सतीश सरांच्या घरी शर्यतीचे बैल. ते म्हणाले, "गाडा जुंपताना बैलाच्या खुरात खडा दिसला तर आपण काढतोच. म्हणून बैल बदलला असं कोण म्हणतं? तुमची दोघांची तयारी असेल तर माझी ना नाही."

समृद्धीने मला उघडले. चूक तिला लगेच सापडली. खरे सांगतो मित्रांनो, मला दुरुस्त व्हायचे होते. फार फार व्हायचे होते. तिने पहिली ओळ लिहिलीसुद्धा. मग तिचा हात थांबला. दाराशी मोनाली आपली बॅग भरत होती.

"मोनाली, तुझी काय हरकत हाय का गं?"

मोनालीने वळून पाहिले. "आता मला इचारून काय? माझ्या बैलाच्या खुरातला खडा सकाळीच दिसला व्हता की तुम्हाला."

सर खिडकीबाहेर बघू लागले. समृद्धीने लिहिलेली ओळ पुसली आणि मला होतो तसेच बंद केले.

शेवटचा डाव मी जन्मात खेळलो नव्हतो इतका छान खेळलो. मल्हारचा घोडा खाल्ला, राजाला कोपऱ्यात रेटले. आणि मग माझा हत्ती पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. काय होणार ते समृद्धीला केव्हाच कळले होते, तरी ती पडद्यावरून नजर न काढता बघत राहिली. तिसऱ्यांदा तीच मांडणी आली. टाळ्या मल्हारला मिळाल्या.

मला वाटले, आता ती माझ्याकडे येईल. ती गेली दाराशी बॅग घेऊन थांबलेल्या मोनालीकडे. "चल, तुझं घड्याळ बघू आधी," म्हणाली. मोनालीची गाडी चुकली, तरी दोघी उठल्या नाहीत. शेवटी कॉम्प्युटर बंद करायला आली तेव्हा समृद्धी मला हळूच म्हणाली, "चूक माझी, आन् हरलास तू."

पुढे तिने माझी नक्कल काढून ती सुधारली. नवा दगडोबा जोरात आहे. मी मात्र जुन्या चुकीसकट इथेच आहे आणि मला फारसे कोणी उघडत नाही.

मित्रांनो, आमची चूक आम्हाला दिसत नाही. ती बघायला माणूस लागतो, आणि त्याने ती वेळेवर बघावी लागते. म्हणून आम्हाला खेळात उतरवण्याआधी नीट तपासा. आणि तुम्हीच केलेला नियम मधेच सैल करावासा वाटला, तर तो ज्याला आधी लागला त्याला विचारा. त्याच्या तोंडून हो निघाले नाही, तर हात मागे घ्या. आम्ही हरू. हरल्यावर वाईट वाटते, मलाही वाटले. पण त्या संध्याकाळी समृद्धीला मोनालीच्या शेजारी बसता आले.