मशीनवर बांगडी चालत नाही

वसंता मशीनखाली पालथा पडला होता. पहारीनं त्यानं बिडाचा पाया केसभर उचलून धरला होता आणि दुसऱ्या हातानं पत्र्याची पातळ चकती आत सरकवत होता. वर मशीनच्या टेबलावर लेव्हल ठेवली होती आणि तिच्या काचेवर डोळे लावून त्याची सून रीना उभी होती.

“बुडबुडा कोठी हाय?”

“तुमच्याच बाजूनं हाय, मामाजी. मधात नाई आला अजून.”

वसंतानं चकती बाहेर ओढली आणि चकतीला, पहारीला, गोठ्याच्या जमिनीला अन् ते काँक्रीट ओतणाऱ्या नथ्थूला एका दमात शिव्या घातल्या. रीनाला त्या आता पाठ झाल्या होत्या. सासरा शिव्या देत असला म्हणजे घरात सगळं ठीक चाललंय, एवढं तिनं ओळखलं होतं. तो गप्प बसला की तिला धास्ती वाटायची. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे काय वाचायचं, बघायचं ते तिच्याकडे आलं होतं.

मिलिंग मशीन गोंदियाहून आलं होतं, एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून. जुनं होतं, पण हाडाचं मजबूत. गोठ्याची एक भिंत पाडून, नथ्थूच्या चेन-पुल्लीला लटकवून ते आत घेतलं तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. गाय गेल्यापासून गोठा नुसताच पडून होता. बालाघाटच्या राइस मिलांचे शाफ्ट घासतात, त्यांना नव्यानं खाचा पाडाव्या लागतात, तेव्हा घरी असं एक मशीन असलं तर काम दारात चालत येईल, हे अंकितचं गणित होतं. अंकितला दोन्ही हात होते तेव्हाचं.

अंकित म्हणजे वसंताचा एकुलता एक मुलगा, रीनाचा नवरा. नागपूरकडच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्याचा उजवा हात मनगटाच्या वर गेला. तो घरी आला, आतल्या खोलीत खाटेवर बसला आणि बसूनच राहिला. भादव्यात एका दुपारी तो कोणाला न सांगता निघाला आणि वैनगंगेच्या पुलावर कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. नदी दुथडी भरून चालली होती. नशीब की नथ्थू मोटरसायकलवरून तिकडून येत होता. त्यानं गाडी तिथंच टाकली आणि अंकितच्या कमरेला मिठी मारली. घरी आणल्यावर अंकित म्हणाला, पाणी बघायला गेलो होतो. पुढं काही विचारायची कोणाची छाती झाली नाही. फक्त त्या दिवसापासून त्या खोलीच्या दारावर घरातल्या कोणाची ना कोणाची नजर असायची.

प्रत्येकानं आपापल्या परीनं इलाज शोधला. वसंतानं मशीन आणलं. त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, सुनेच्या हातात बांगड्या भरल्या.

कासाराला तिनं घरीच बोलावलं. हिरव्या बांगड्या, त्याही इतक्या घट्ट की सहजी निघू नयेत. रीनाचा हात दाबून दाबून लाल झाला तरी तुळसाबाई “अजून भर” म्हणत राहिली. सून भरल्या हातानं घरात वावरते आहे तोवर माझ्या पोराला काही होत नाही, असं तिनं मनात पक्कं धरलं होतं. स्वयंपाकघरातला बांगड्यांचा आवाज थांबला की ती लगेच हाक मारायची. रीनाला हे कळत होतं. तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून भांडी घासताना ती उगीचच जास्त आवाज करायची.

वसंताचं म्हणणं वेगळं. पोरगं मशीनपाशी उभं राहिलं तर वाचलं, बस. सारा जन्म भरवेलीच्या खाणीच्या वर्कशॉपात घालवलेला माणूस, त्याला याहून दुसरं औषध माहीत तरी कुठून असणार? चालू-बंदचं बटण त्यानं उजवीकडून काढून डावीकडे घेतलं. हँडलांना जाड मुठी बसवल्या, डाव्या हातात नीट याव्यात म्हणून. लेव्हल साधल्यावर बोल्ट आवळले, टेबलावर काम पकडायचा वाइस बसवला, मग कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला काट्याचा डायल बांधून तो टेबलावर गोल फिरवत राहिला, डोकं सरळ आहे का ते बघायला. रीना काटा वाचायची आणि काटा जागचा हलेनासा होईतो वसंता मशीनचं डोकं किंचित इकडे, किंचित तिकडे करत बसायचा. हे सगळं करताना गोठ्याचं दार तो सताड उघडं ठेवी, आतल्या खोलीत आवाज जावा म्हणून. अंकित काही आला नाही.

थ्री-फेजची लाइन जोडली त्या सकाळी मात्र वसंता स्वतः आत गेला. काय बोलला देव जाणे, पण अंकित त्याच्यामागून बाहेर आला, उजवी बाही दुमडून पिन लावलेली. तुळसाबाईनं मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. वसंतानं बटण दाबलं आणि स्पिंडल उलटंच फिरायला लागलं. त्यानं कपाळावर हात मारला, लाइन बंद केली आणि दोन तारांची अदलाबदल करायला बसला. अंकितच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं. रीनानं ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग कटर लावायचं होतं. कटर खालून वर धरायचं आणि मशीनच्या डोक्यातून येणारा लांब बोल्ट पान्यानं आवळायचा. काम दोन हातांचं. वसंता पुढं झाला तसं अंकितनं त्याला बाजूला सारलं. डाव्या हातानं कटर जागेवर नेलं, थोट्या हाताच्या टोकानं खालून दाबून धरलं आणि डावा हात पान्याकडे नेला. कटर निसटलं. टेबलावर आपटून खाली गेलं आणि त्याची धार उडाली. आवाज काही मोठा झाला नव्हता. पण अंकित थोटा हात छातीशी आवळून भिंतीपर्यंत मागं गेला.

“मले भेव लागते, बाबा,” तो म्हणाला. “एकट्यानं याच्यापाशी उभं राहाचं भेव लागते.”

तो आत निघून गेला. वसंतानं कटर उचललं, पुसलं, खिशात टाकलं. एक शिवीसुद्धा दिली नाही.

पुढचे काही दिवस असेच गेले. मग एकदा जेवताना अंकितनंच विषय काढला. रीनानं कटर लावावं आणि उजवीकडचं हँडल धरावं, डावीकडचं मी धरतो, माप मी सांगतो, असं तो म्हणाला. ती बाजूला असली तर उभं राहवेल. तिला मशीन कळायला लागलंय, मी खिडकीतून बघतो ना रोज. कितीतरी महिन्यांत त्यानं आपणहून काही मागितलं नव्हतं. तुळसाबाईचे डोळे भरून आले. वसंताचा घास हातातच राहिला, आणि त्या आनंदात तो रीनाकडे वळला. तिनं भाकरी वाढायला हात पुढं केला होता. त्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या.

“बांगड्या घालून मशीनवर नाई,” तो म्हणाला.

वर्कशॉपात त्यानं हा नियम उभा जन्म पाळला होता. अंगठी नाही, घड्याळ नाही, गळ्यात दोरा नाही. राखीचा धागासुद्धा तो फाटकात सोडून खिशात ठेवायचा. फिरतं कटर बांगडी धरतं आणि बांगडीमागं हात जातो. मंगळसूत्राचं तर नावच नको. मशीन हात कसा घेतं, हे या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

तुळसाबाईनं ताट सरकवलं. “जित्या नवऱ्याच्या बाईचे हात उघडे करता? माह्या घरात नाई होणार हे.”

मग काय काय करून पाहिलं. रीनानं बांगड्यांवर फडकं गुंडाळलं, तर वसंतानं मशीनच बंद केलं. फडकं बांगडीच्या आधी गुंततं म्हणाला. एकेक तरी राहू द्या, असं तुळसाबाई अजिजीनं म्हणाली. हात जायला एक पुरते, असं त्यानं तिला ऐकवलं. मीच उभा राहतो पोराशेजारी, असंही तो बोलला, पण अंकितनं त्याला हँडलावरच्या मापाच्या रेघा वाचायला सांगितल्या आणि वसंताला त्या दिसल्या नाहीत. रीनाला तर कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे. तिलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पुलावरची ती दुपार तिच्याही मनातून गेलेली नव्हती.

अंकित हे सगळं बघत होता. “राहू द्या,” एवढंच म्हणाला, खोलीत गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

दारापाशी ठेवलेलं ताट तसंच राहिलं. तुळसाबाईनं हाका मारल्या, दार ठोठावलं. झोपू दे, म्हणून आतून उत्तर आलं, नंतर तेही येईना. वसंता गोठ्यात बसून स्वच्छ असलेलं मशीन पुसत राहिला. दुसऱ्या दिवशीही ताट परत आलं. तुळसाबाई दाराला पाठ लावून बसली होती, आतला श्वास ऐकू येतो का ते बघत. मागं स्वयंपाकघरात रीना भांडी घासत होती. तिच्या बांगड्या वाजतच होत्या, आणि दार बंदचं बंद होतं. तुळसाबाई बराच वेळ ते ऐकत राहिली.

मग सकाळी ती उठली. वाटीत पाणी घेतलं, साबणाची वडी घेतली आणि अंकितच्या दारावर थाप मारली.

“अंकित, बाहेर ये. तुह्या बायकोच्या बांगड्या उतरवून राह्यली मी.”

थोड्या वेळानं कडी निघाली. अंकित दारात आला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. गोठ्याच्या पायरीवर तुळसाबाईनं रीनाला बसवलं होतं. वसंता मशीनला टेकून उभा होता. तिनं रीनाच्या गळ्यातलं मंगळसूत्र डोक्यावरून काढलं, उठून अंकितपाशी गेली आणि त्याच्या गळ्यात घातलं.

“हे तुह्यासाठीच असते ना?” ती म्हणाली. “मंग काम होतवर तुह्यापाशीच राहू दे. मशीन चालू करताना खिशात ठेवजो.”

अंकितनं काळ्या मण्यांवर डावा हात ठेवला. तो गोठ्यात गेला आणि बापाच्या हातातून पाना मागून घेतला.

तुळसाबाई परत पायरीवर बसली. रीनाच्या पंजाला साबण लावून, अंगठा आत दाबून ती एकेक बांगडी सोडवायला लागली. त्या जितक्या हट्टानं भरल्या होत्या तितक्याच हट्टानं अडत होत्या. यातली एकही फुटून चालणार नव्हती. निघालेली बांगडी ती पदरात ठेवी आणि दुसरीला हात घाली. रीना डोळे मिटून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तुळसाबाईही रडत होती.

शेजारची ललिता कपडे वाळत घालायला भिंतीपाशी आली होती. तिनं पाहिलं तर सुनेचा गळा मोकळा, सासू तिच्या बांगड्या उतरवतेय, दोघी रडतायत. तिच्या हातातली बादली पडली.

“अंकित गेला वो माय,” तिनं हंबरडा फोडला.

गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून धावल्या. फाटकात बघता बघता गर्दी झाली. कोणी तोंडाला पदर लावला, कोणी मोठ्यानं रडायला लागली. पावसाळ्यापासून ज्याच्या भीतीनं तुळसाबाईला धड झोप लागली नव्हती, ते सगळं या बायांच्या रूपानं दारात येऊन उभं होतं. साबणानं भरलेले हात तसेच धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

गोठ्यातून अंकित बाहेर आला. डावा हात तेलानं काळा झालेला, शर्टाची वरची बटणं उघडी आणि छातीवर मंगळसूत्र. ललितानं त्या मण्यांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

“रडू नोका, काकू,” तो म्हणाला. आवाज बसलेला होता, म्हणून त्यानं खाकरून पुन्हा सांगितलं. “जित्ता हाओ मी.”

कोणी हसलं नाही. वसंता गोठ्याच्या दारात आला होता, तो तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तुळसाबाई पोराकडे बघत राहिली. पुलावरून परत आणल्यापासून त्याच्या तोंडून हे ऐकायला ती तरसली होती.

रीनाचा दुसरा हात अजून भरलेलाच होता. तुळसाबाईनं तो मांडीवर ओढून घेतला आणि साबण लावला.